बुकसाहेबांची ऐकवणी

बुकसाहेब मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रुफं, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे. पानावरचा शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्याही अलीकडचा, असं करत करत वरच्या मथळ्यापर्यंत. हे वाचन खिडकीशी उभं राहून चालायचं आणि डाव्या हातात भाजलेल्या चण्यांची पुडी असायची. चूक सापडली की एक चणा तोंडात. नाही सापडली तर नाही. एखादा लेखक फारच काळजीनं लिहिणारा निघाला की दुपार झाली तरी पुडी तशीच राहायची आणि साहेब त्या लेखकावर चिडायचे.

बुकसाहेब हे नाव बाजारातल्या लोकांनी दिलेलं. त्यांचा हुद्दा होता विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाच्या पालघर शाखेचे संपादक. विद्यापीठाची शाखा पालघरला कशी आली, याची गोष्ट सोपी आहे. मुंबईत विभागाला बसायला जागा नव्हती. पुस्तकं बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवून छापली जायची. मुद्रितं तपासणारी माणसं छापखान्याजवळ असावीत, असं कुणाच्या तरी मनात आलं. बोईसरला जागा मिळेना, म्हणून पालघरच्या बाजारात भाताच्या एका वखारीवरच्या दोन खोल्या घेतल्या. खाली गोणी उचलल्या-टाकल्या की आमच्या टेबलांवर तूस उडायचं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. शाखेत माणसं दोनच, साहेब आणि मी.

माझी मुलाखतही त्यांनीच घेतली होती. आम्ही पाच-सहा उमेदवार होतो. प्रत्येकाच्या हातात छापलेलं एकेक पान दिलं आणि चुका शोधायला सांगितल्या. बाकीच्यांनी सात सापडल्या, नऊ सापडल्या असं सांगितलं. मी ते पान तीनदा वाचलं. मला एकही दिसेना. शेवटी मी पान परत दिलं आणि म्हटलं, "मला नाय सापडली. असली तर मला दिसली नाय."

साहेबांनी चष्मा वर केला. त्या पानावर चूक नव्हतीच, हे मला पुढं कळलं. पण त्या वेळी त्यांनी वेगळंच विचारलं. हे 'नाय' कुठलं, केळव्याचं की माहीमचं?

मी शरमेनं लाल झाले. आमची केळव्याकडे वाडी, केळीची आणि पानवेलीची. घरात सगळे 'आमी' आणि 'नाय' बोलायचे. कॉलेजात गेल्यावर मी ती बोली जिभेवरून खरवडून काढायचा प्रयत्न केला होता, पण घाबरले की ती परत यायची. मी सांगितलं, केळव्याचं. ते म्हणाले, छान आहे, सांभाळून ठेवा, आपल्याला लागेल. सोमवारपासून या.

घरी वडिलांना माझी नोकरी काही केल्या समजेना. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्याला सरकार माणूस ठेवतं, हे त्यांना पटायचं नाही. आई मात्र शेजारी सांगायची की मुलगी विद्यापीठात आहे. दोन्ही खरं होतं.

साहेब तेव्हा पन्नाशीचे असतील. उंच, किंचित वाकलेले, पांढरी पँट आणि खिसा लाल पेन्सिलीनं रंगलेला बुशशर्ट. मुळात ते देशावरचे, पण पालघरात एवढी वर्षं राहिले होते की विचारणाऱ्याला ते मी इकडचाच असं सांगायचे. लग्न केलेलं होतं. बायको शाळेत शिकवायची आणि त्यांच्यापेक्षा कमी बोलायची. ती दोघं संध्याकाळी कोळगावच्या रस्त्यानं फिरायला जायची आणि परत येईपर्यंत दोघांत मिळून चार वाक्यं बोलून व्हायची, असं त्यांनीच एकदा मला अभिमानानं सांगितलं होतं.

चुका त्यांना आजारी माणसांसारख्या वाटायच्या. 'या अनुस्वाराला ताप आहे', 'ही वेलांटी लंगडतेय', असं ते स्वतःशीच पुटपुटायचे. पण खरा राग यायचा तो अक्षरांच्या चुकांचा नव्हे. एखादी गोष्टच खोटी असली तर. ते म्हणायचे, छापलेल्याला लोक घाबरतात, म्हणून छापणाऱ्यानं घाबरून असावं. हे वाक्य त्यांनी मला पहिल्या महिन्यात इतक्यांदा ऐकवलं की एकदा मी चिडून म्हटलं, साहेब, मी घाबरलेलीच आहे. त्यावर ते समाधानानं हसले.

आठवड्यातून दोनदा आम्ही बोईसरला छापखान्यात जायचो. तिथला मुख्य जुळारी रामआसरे, बनारसकडचा. त्याला मराठी येत नव्हती. देवनागरी येत होती, तेवढं त्याला पुरायचं. लेखकानं जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर तो खिळ्यांत उभं करायचा. शिलालेखांवरचा प्रबंध असो की शेतजमिनीच्या मोजणीवरचा, त्यानं जुळवलेल्या गॅलीच्या मुद्रितात चूक शोधणं म्हणजे आमची परीक्षा. एकदा साहेबांनी त्याला विचारलं की एवढी वर्षं मराठी जुळवतोस, शिकून का घेत नाहीस. तो म्हणाला, "मतलब समझने लगूँगा, तो हाथ रुकेगा, साहब."

साहेबांना हे इतकं आवडलं की ते आठवडाभर येईल त्याला सांगत होते. त्यांचं म्हणणं असं की अर्थ कळणारी माणसं आपल्या मनानं दुरुस्त्या करतात आणि पुस्तकं बिघडवतात.

आता ऐकवणीबद्दल सांगायला हवं. हा शब्दही त्यांचाच. विद्यापीठाचं पुस्तक ज्या लोकांबद्दल असेल, त्या लोकांना ते छापण्याआधी वाचून दाखवायचं, असा त्यांनी आपल्या शाखेपुरता नियम केला होता. विभागाच्या कुठल्याही कागदात तो नव्हता. मुंबईच्या वरिष्ठांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा, आणि विद्वान लेखकांना तर अपमानच. आपण पाच वर्षं संशोधन करून लिहिलेलं आता गावकरी तपासणार का, असं एकानं पत्रात लिहिलं होतं. साहेबांनी एका ओळीत उत्तर पाठवलं. तपासणार नाहीत, ऐकणार आहेत.

माझी पहिली ऐकवणी तारापूरच्या किनाऱ्यावर झाली. होड्यांच्या बांधणीवरचा प्रबंध होता, आकृत्यांसकट. मी मोठ्यानं वाचत होते आणि जाळी विणता विणता दहा-बारा पुरुष आणि तेवढ्याच बायका ऐकत होत्या. दुसऱ्या प्रकरणात एक म्हातारा हळूहळू हसायला लागला. मग शेजारचा. मग सगळेच. मला वाटलं माझ्या वाचण्यात काही चुकलं. तो म्हातारा म्हणाला, "पोरी, ही होडी पाण्यात घातली तं मागं मागं जाईल." लेखकानं आकृती काढताना पुढची बाजू मागं घातली होती आणि पुढची चाळीस पानं त्याच उलट्या होडीवर उभी होती. परत येताना साहेबांनी अख्खी पुडी संपवली.

लेखक बिचारा भला होता. तो स्वतः तारापूरला आला, म्हाताऱ्याशेजारी दोन दिवस बसला आणि आकृत्या नव्यानं काढून गेला. पुस्तक आलं तेव्हा ते कुणी विकत घेईल असं वाटलं नव्हतं, कारण विद्यापीठाची पुस्तकं ग्रंथालयात जायची आणि तिथेच झोपायची. पण त्या किनाऱ्यावर एक प्रत फिरत राहिली. मच्छीमारांच्या सोसायटीनं ती कापडात बांधून ठेवली. नवी होडी बांधायला घेतली की मिस्तरी आणि मालक आकृत्यांवरून भांडायचे, आणि भांडण मिटवायला ते पुस्तक उघडायचे. साहेबांना कुणी विभागाचं कार्य काय म्हणून विचारलं तर ते याच प्रतीबद्दल सांगायचे.

त्यांची नोकरी ज्या प्रसंगात जवळजवळ गेली तो त्यानंतर तीन-चार वर्षांनी आला.

एका नामवंत प्राध्यापकांनी आमच्या भागातल्या भाताच्या जुन्या वाणांवर ग्रंथ लिहिला होता. तरुणपणी ते मासवणच्या बाजूला, डोंगरातल्या पाड्यांवर पायी हिंडले होते. तेव्हा पाहिलेलं प्रत्येक वाण, त्याचा दाणा, त्याची पेरणी, त्याची चव, सगळं त्यांनी नोंदवून ठेवलं होतं. मग आता, निवृत्तीच्या वेळी, त्याचा ग्रंथ केला. ते प्रकाशन मंडळाचे सदस्यही होते, त्यामुळे मुंबईहून घाईचे फोन यायचे. समारंभ ठरला होता, कुलगुरू येणार होते.

त्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण काजळी नावाच्या भातावर होतं. काळसर तुसाचा, बुटका दाणा. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की हे वाण आता नामशेष झालं, त्याचा एक दाणाही कुठे उरला नाही. ते प्रकरण इतकं सुंदर उतरलं होतं की मूळ प्रत मोठ्यानं वाचताना माझा आवाज चिरकला आणि मला थांबावं लागलं. साहेबसुद्धा उलटं वाचायचं विसरून सरळ वाचायला लागले. मी त्यांना असं करताना तेवढं एकदाच पाहिलं.

ऐकवणीला वेळ नाही, असं मुंबईनं कळवलं. साहेबांनी उत्तर दिलं नाही. छापखान्यात आधीचे फर्मे, म्हणजे एका वेळी मशीनवर चढणारे पानांचे गट, छापून होत आले होते. शेवटचा फर्मा गुरुवारी मशीनवर चढणार होता. त्याच गुरुवारी सकाळी साहेब मला म्हणाले, बाई, चला, मासवणला जाऊन येऊ. मी विचारलं, आता काय उपयोग. ते म्हणाले, शेवटचं प्रकरण तरी ऐकवू. एखाद्याच्या मयताची बातमी त्याच्या घरच्यांना आधी कळवायला हवी.

एसटीनं मासवण, तिथून डोंगराच्या बाजूला तासभर चाल. पाड्यावर एका पडवीत बायामाणसं जमली. मी वाचलं. या वेळी माझा आवाज नीट राहिला. वाचून झालं. कोपऱ्यात लखमीबाय नावाची एक साठीची बाई बसली होती. ती उठली, आत गेली आणि सुपात मूठ-दोन मुठी भात घेऊन बाहेर आली. काळसर तूस, बुटका दाणा. सूप तिनं साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"ही मेली असं कुनी सांगलं त्याला?" ती म्हणाली.

पडवीत हशा उसळला. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन दाणे तळहातावर घेतले, उन्हात नेले, परत आणले. मग माझ्याकडे वळून विचारलं की शेवटचा फर्मा किती वाजता चढणार आहे. मी म्हटलं, दुपारी.

लखमीबायनं मूठभर काजळी एका फडक्यात बांधून दिली आणि आम्ही अक्षरशः पळत डोंगर उतरलो. एसटी निघून गेली होती. विटांचा एक ट्रक थांबला. साहेब पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला तयार होईनात, मला बसवलं आणि स्वतः मागं विटांवर बसले. पालघरला उतरलो तेव्हा त्यांची पांढरी पँट लाल झाली होती. तसेच गाडी पकडून बोईसरला गेलो.

छापखान्यात शिरलो तर मशीन चालू होतं. तीनशेच्या वर कागद छापून झाले होते. साहेबांनी व्यवस्थापकाला थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, विद्यापीठाचा लेखी हुकूम लागेल. त्याचंही चूक नव्हतं. साहेबांनी एक मुद्रित उलटं केलं, त्याच्या पाठीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं की छपाई माझ्या जबाबदारीवर थांबवण्यात यावी, आणि खाली सही केली. व्यवस्थापक म्हणाला, लाल पेन्सिलीचा हुकूम चालत नाही.

तेवढ्यात रामआसरे आपल्या खिळ्यांच्या खणापासून उठून आला. इतक्या वर्षांत त्यानं एकाही मजकुराचा अर्थ विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. उसमें क्या लिखा था, साहब?

"लिखा था कि एक धान मर गया," साहेब म्हणाले. "और वह जिंदा है."

साहेबांनी फडक्यातून तळहातावर काढलेले दाणे त्यानं पाहिले. त्याच्या घरीही शेती होती. हात पुसून तो मशीनवाल्याकडे गेला आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. मशीन थांबलं. व्यवस्थापकानं दोघांकडे पाहिलं आणि मग शाईचं पेन साहेबांपुढं सरकवलं. निदान शाईनं लिहा, म्हणाला.

समारंभ रद्द झाला. कुलगुरूंना कळवावं लागलं, छापील निमंत्रणं गेलेली होती. चौथ्या दिवशी साहेबांना कारणे दाखवा नोटीस आली. शाखा चालू ठेवण्याची गरज आहे काय, याचाही विचार करण्यात येईल, असं तिच्या शेवटी होतं. मी ती दोनदा वाचली. घरी आधीच माझी नोकरी म्हणजे थोड्या दिवसांची हौस आहे, असं चाललं होतं. शाखा बंद झाली की मी परत वाडीत. साहेबांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. ते म्हणाले, काळजी करू नका, तुमचं नाव मी कुठंही घातलेलं नाही. हुकूम माझा, सही माझी.

त्यांनी नोटिशीचं उत्तर लिहायला घेतलं. ते लिहून झालं. मग मी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या सहीखाली माझी सही केली. मलाच माझं आश्चर्य वाटलं. साहेबांनी सही बघितली आणि म्हणाले, बाई, तुमच्या आडनावाची वेलांटी ऱ्हस्व पडलीय, दीर्घ करा. एवढंच बोलले. मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चणे खात राहिले. हातात एकही मुद्रित नव्हतं.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापक स्वतः आले. सकाळच्या गाडीनं, एकटे, न कळवता. जिना चढतानाच बोलत होते. आपल्या सबंध आयुष्याच्या कामाचा तमाशा केला, एका कारकुनी माणसाला एवढा अधिकार कुणी दिला, असं बरंच काही. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बशीत काजळीचे दाणे घालून पुढं ठेवले.

प्राध्यापक बोलता बोलता थांबले. त्यांनी एक दाणा उचलला, नखानं सोलला, आतला तांदूळ दातांनी तोडला. मग म्हणाले, हे दुसरं काहीतरी असेल. पण आवाज खाली आला होता. साहेब म्हणाले, असेल, आपण जाऊन पाहू.

आम्ही तिघं परत मासवणला गेलो. चढावर प्राध्यापकांना दम लागत होता. साहेबांनी त्यांची पिशवी घेतली आणि मधूनमधून कुठल्याशा झाडाचं नाव विचारत राहिले. मला आधी वाटलं, यांना खरंच माहीत नाही. मग कळलं की नाव सांगायच्या निमित्तानं प्राध्यापक थांबत होते आणि दम घेत होते.

लखमीबायनं त्यांना पाहिलं, डोळे बारीक केले आणि ओळखलं. तेव्हा हा पोरगेला होता, वहीत लिहायचा आणि पायात काटा मोडला म्हणून रडला होता, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. प्राध्यापकांना हसावं लागलं. मग त्यांनी विचारलं की मी तेव्हा इथे आलो, नंतर पुन्हा एकदा आलो, प्रत्येक घरी काजळी विचारली, सगळ्यांनी नाही म्हटलं. ती होती तर मला कुणी सांगितलं का नाही?

"तू बाप्यांना विचारलंस," ती म्हणाली. "बी बाया राखतात."

मग तीच सावकाश सांगत गेली. पुरुषांना जास्त पिकणारं नवीन भात हवं होतं आणि ते बरोबरच होतं, पोटं भरायची होती. काजळी थोडी पिकते. पण तिची पेज बाळंतिणीला लागते, अंगात ताकद येते, दूध येतं, असं तिची सासू सांगायची. म्हणून घरामागं वरच्या तुकड्यात बाया दरवर्षी थोडी काजळी लावायच्या आणि आपसात बी फिरवायच्या. या पाड्यावरची पोर दुसऱ्या पाड्यावर दिली की तिच्याबरोबर मूठभर बी जायचं. पुरुषांना ठाऊक होतं, पण ते बायांचं काम, त्यांच्या लेखी ती शेती नव्हती.

मग तिनं काजळीची पेज करून वाढली. प्राध्यापक दोन वाट्या प्याले. माझ्या तोंडाला तिची चव अजून आहे, जराशी धुरकट आणि गोडसर. वाटी खाली ठेवून प्राध्यापकांनी समोरच्या उतारावर नजर टाकली. मग म्हणाले, "माझं सगळ्यात चांगलं प्रकरण गेलं की हो."

आणि मोठ्यानं हसायला लागले. डोळे पुसत हसत राहिले. ते सुखानं हसत होते की दुसरं काही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण त्यांनी पिशवीतून वही काढली, लखमीबायला समोर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला. त्या दिवसापासून तीन महिने ते दर पंधरवड्याला येत होते आणि या वेळी फक्त बायांना विचारत होते.

नवं प्रकरण जुन्याइतकं सुंदर नव्हतं. त्यात खूप माहिती होती, नावं होती, कुठल्या पाड्यावरून बी कुठं गेलं याचा नकाशा होता. त्याची मुद्रितं आली तेव्हा साहेबांचा आणि प्राध्यापकांचा एक वाद झाला. प्राध्यापकांनी प्रस्तावनेत लखमीबायचे मनापासून आभार मानले होते. साहेबांनी ते खोडलं.

"आभारात नाही, तळटीपेत," ते म्हणाले. "आभार उपकाराचे मानतात. तळटीप पुराव्याला देतात."

तसंच झालं. विद्यापीठाच्या त्या ग्रंथात शेवटच्या प्रकरणाखाली, मोठमोठ्या संशोधकांच्या नावांच्या ओळीत, बारीक टायपात लखमीबायचं नाव आणि पाड्याचं नाव आहे. रामआसरेनंच ते जुळवलं. ऐकवणीत मी तळटीपही वाचून दाखवली. लखमीबायनं विचारलं, एवढ्या लहान अक्षरात का. साहेब म्हणाले, महत्त्वाचं असतं ते बारीक छापतात. तिला ते पटलं नाही, मलाही नाही.

नोटिशीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मंडळाच्या बैठकीत शाखा बंद करण्याचा विषय निघाला तेव्हा प्राध्यापक उठले आणि म्हणाले की या शाखेनं थांबवलं नसतं तर विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी मी खोटं छापलं असतं. तो विषय तिथंच संपला. महिन्याभरानं परिपत्रक आलं. प्रादेशिक विषयांवरील ग्रंथांचे संबंधित रहिवाशांसमोर वाचन करण्यात यावे. ऐकवणी आता विभागाचा नियम झाली होती. परिपत्रकात 'संबंधित' चुकीचं छापलं होतं. साहेबांनी लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून ते मुंबईला परत पाठवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं शेतकी कॉलेजातली मुलं तो ग्रंथ हातात घेऊन पालघरला उतरायची आणि आमच्याकडे रस्ता विचारायला यायची. काही जण पाड्यावरून बी घेऊन गेले. लखमीबाय प्रत्येकाला आधी एकच विचारायची, घरात बाळंतीण हाय का.

साहेब निवृत्त झाले तोवर बोईसरच्या छापखान्यात खिळे जाऊन संगणक आला होता. रामआसरे त्यावरही जुळवायला शिकला होता आणि मराठी मात्र अजूनही शिकला नव्हता. निरोपसमारंभ नको, असं साहेबांनी बजावून ठेवलं होतं. कुणी ऐकलं नाही. वखारीच्या मालकानं खालची जागा रिकामी करून दिली. प्राध्यापक काठी टेकत आले. तारापूरहून माणसं आली, मासवणच्या बाजूच्या बाया आल्या. साहेबांची बायको पहिल्या रांगेत बसली होती.

मानपत्र मी लिहिलं होतं. महिनाभर खपले होते. शब्द शब्द तपासला, रामआसरेकडून जाड कागदावर छापून घेतलं, चौकट केली. साहेबांना ते दिलं तेव्हा वाचून दाखवायला प्राध्यापक पुढं झाले. साहेबांनी हातानं थांबवलं, चष्मा लावला आणि स्वतःच वाचायला लागले. मला ठाऊक होतं कुठून वाचताहेत ते. खालून वर. त्यांचं बोट एकेक ओळ वर सरकताना मी बघत होते.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "फक्त हा कोण माणूस आहे, त्याला मी ओळखत नाही."

सगळे हसले. त्यांची बायकोही हसली, मी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं. मीही हसले, पण मनात खट्टू झाले. चहा झाल्यावर, लोक पांगल्यावर, मी ते मानपत्र परत वाचलं. सरळ, वरून खाली. ज्ञानतपस्वी, निःस्पृह, व्यासंगी, ऋजू. साहेबांनी जे काही केलं होतं, त्यातलं काहीच त्यात नव्हतं. चणे नव्हते, विटांचा ट्रक नव्हता, लाल झालेली पँट नव्हती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते बुटांच्या नाड्या बांधत होते. मी जवळ गेले आणि विचारलं, साहेब, बदलून देऊ का.

"द्या की," ते म्हणाले. "घाई नाही. पण विशेषणं काढा."

मग उठले, बायकोला हाक मारली आणि दोघं कोळगावच्या रस्त्यानं फिरायला गेली.

मी त्यांचं ऐकलं, घाई केली नाही. पुढं पाच वर्षं ते होते, दर दिवाळीला मी फराळ घेऊन जायची, आणि दर वेळी मानपत्राचं ते विचारायचे नाहीत आणि मी सांगायची नाही. ते गेल्यावर मी लिहायला बसले. काल त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला, बाईंना, हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, की फिरायला गेल्यावर चार नाही, सहा वाक्यं व्हायची. माझी दोन त्यांनी मोजलीच नाहीत.